सात पुस्तकं, आपल्या बाजूने

प्रश्न साधा आहे. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांतलं सगळ्यात चांगलं कुठलं? पांढरपेशांची पोरं याचं उत्तर चहाच्या कपासोबत देतात आणि कप धुवायच्या आधी विसरतात. आपल्याकडे हा प्रश्न असा सुखासुखी येत नाही. त्याच्या आधी दुसरा येतो : ही पुस्तकं आपल्या कपाटात ठेवायचीच कशाला?

वज्रेश्वरीत आमच्या वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. पत्र्याची खोली, दोन ट्यूबलाईटी, एक लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात बाबासाहेबांचे खंड, जोतिबांचं समग्र वाङ्मय, मधे भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची गाईडं. खालच्या कप्प्यात हॅरी पॉटर. काही भाग मराठी, काही इंग्रजी, शिवण सुटलेले, कडा काळ्या पडलेल्या. कुठल्या कप्प्याला जास्त हात लागतात ते सांगायला रजिस्टर उघडावं लागत नाही. आता आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांचं म्हणणं पडलंय की खालचा कप्पा रिकामा करा. कारणं तीन. एक : जादूटोणा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या पोरांना जादूची कांडी कशाला? दोन : हा परदेशी बाजाराचा माल. तीन : पोरं अभ्यास सोडून हेच वाचत बसतात.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाची पोरगी सातशेच्या वर पानांचं पुस्तक आपखुशीनं संपवते, आणि तुम्ही म्हणता ती अभ्यास करत नाही! दादा, तीच तर बैठक. गाईड तिला ती बैठक देत नाही.

आता जादू. आपण जादू मानत नाही, पण राहतो मात्र जादूच्या गोष्टीच्या पोटातच. आमच्या गावाचं नावच घ्या. इंद्रानं वज्र फेकलं, देवीनं ते गिळलं, म्हणून वज्रेश्वरी. चिमाजी अप्पानं १७३९ साली वसई घेतली आणि नवस फेडायला किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं, हा इतिहास. तानसेच्या काठाला जमिनीखाली तापलेलं गंधकाचं पाणी वर येतं, हा भूगोल. पण आमच्याकडे सांगतात ते तिसरंच : देवीनं जे राक्षस मारले त्यांचं हे रक्त, म्हणून ते अजून गरम आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून माणसं येतात, त्या रक्तात पाय सोडून बसतात, गुडघे मोकळे झाले म्हणतात. राक्षस कोण होते, त्यांची वस्ती कुठं होती, त्यांच्या बायकापोरांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. गोष्टच अशी रचलेली आहे की विचारायचं सुचूच नये.

आपल्याला विचारायला शिकवलं जोतिबांनी. दहा अवतार ही या देशातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खपलेली अद्भुत मालिका. १८७३ साली 'गुलामगिरी'त त्यांनी तिचा एकेक भाग हातात घेतला. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. धोंडीबा विचारतोय, जोतीराव सांगतायत, आणि प्रत्येक अवताराच्या सोंगाखालून एकेक स्वारी बाहेर पडतेय. पाताळात गाडलेला बळी आपला राजा निघतो. बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये पोथ्यांनाच साक्षीला उभं केलं. ते १९८७ साली सरकारनं छापलं तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून किती बोंब झाली, आणि आपली माणसं रस्त्यावर कशी उतरली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हणजे चमत्काराची गोष्ट जाळून टाकणं ही आपली परंपरा नाही. मनुस्मृती जाळली, कारण तो कायदा होता. गोष्ट आपण उलटी करून वाचतो, राक्षसाच्या बाजूला उभं राहून. मग परदेशी जादूला घाबरायचं काय कारण? तिलाही उलटी करू.

उलटी करून बघितली की पहिल्यांदा काय दिसतं? जात दिसते. रोलिंगबाईंनी जातीवर लिहायला घेतलं होतं असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे युरोपातला वंशवाद होता. पण रक्ताची शुद्धता नावाचं जनावर कुठल्याही देशात गेलं तरी त्याच्या पावलांचे ठसे तसेच उमटतात. वर शुद्ध रक्ताची घराणी. खाली मिश्र रक्ताचे. त्याखाली ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत ते, त्यांना शिवी आहे मडब्लड, चिखलरक्ताचे. आणि या सगळ्या माणसांच्या खाली गॉब्लिन, लांडगामाणसं, सेंटॉर आणि तळाला घरकामाचे एल्फ. हे एल्फ पगाराविना पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला बांधलेले, अंगावर उशीचा जुना अभ्रा. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलंय. प्रत्येकाला लाथ मारायला आपल्या खाली कुणीतरी आहे, म्हणून कुणी उठत नाही.

आता सातही पुस्तकं एकेक करून घेऊ.

पहिलं, १९९७चं. मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस'. बारक्या पोरांचं हे लाडकं. जिन्याखालच्या कपाटात झोपणाऱ्या पोराला एक दिवस पत्र येतं की तुझी जागा आमच्या शाळेत आहे. हे कुणाला आवडणार नाही? पण त्या पोराच्या बापानं बँकेत सोन्याचा ढीग ठेवलेला आहे, आणि त्याचं नाव जन्मापासून गाजलेलं आहे. त्याच्यात मला आपलं कुणी दिसत नाही. मला दिसते हर्मायनी. घरात कुणी जादूचा ज सुद्धा न शिकलेला. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच सगळी क्रमिक पुस्तकं पाठ करून आलेली, वर्गात सतत हात वर. पोरं तिला हसतात. पहिल्या पिढीतल्या शिकणारीला हे माहीत असतं की आपण एकदा चुकलो तर आपल्या सगळ्यांना चुकलेलं धरतील. हर्मायनीचा तो वर गेलेला हात मी ओळखते.

दुसरं, १९९८चं. टीकाकार याला सातातलं कच्चं म्हणतात. म्हणोत. जातीचं नाव घेऊन दिलेली शिवी याच पुस्तकात पहिल्यांदा ऐकू येते, आणि डॉबी याच पुस्तकात येतो. मालकाविरुद्ध अर्धा शब्द तोंडातून निघाला तर स्वतःचं डोकं आपटून घेणारा, स्वतःच्या हातांना इस्त्रीचे चटके देणारा. मालकाला मारावंसुद्धा लागत नाही, गुलामच स्वतःला मारतो. गुलामीचं यापेक्षा नेमकं चित्र मी पोरांच्या पुस्तकात दुसरं वाचलेलं नाही. आणि हॅग्रिड! पन्नास वर्षांपूर्वी शाळेत एक पोरगी मेली तेव्हा पुरावा न बघता याला पकडला, शाळेतून काढला, कांडी मोडली. पन्नास वर्षांनी पुन्हा हल्ले सुरू झाले, पुन्हा यालाच उचलून तुरुंगात. गुन्हा करणारा हुशार, देखणा, शाळेचा लाडका विद्यार्थी होता, त्याच्यावर संशय कुणाला यायचा! पारध्यांच्या पालावर पोलीस गाडी कशी येते ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, १९९९चं. जगभर बहुतेकांचं आवडतं हेच, आणि गोष्ट म्हणून ते सगळ्यात घट्ट विणलेलं आहे हे मलाही मान्य. त्यातला ल्युपिन हा शाळेतला सगळ्यात चांगला मास्तर. तो लांडगामाणूस आहे हे कळेपर्यंत! कळल्यावर तो स्वतःच राजीनामा लिहितो, कारण उद्या पालकांची पत्रं येणार हे त्याला ठाऊक आहे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची जात कळल्यावर डबे घरून येऊ लागतात, त्यातलंच हे. पण पुस्तक तिथं थांबतं. ल्युपिन बॅग उचलतो, आपल्याला वाईट वाटतं, पान उलटतं. वाईट वाटणं हा पांढरपेशांचा आवडता व्यायाम आहे, म्हणून हे त्यांचं आवडतं पुस्तक.

चौथं, २०००चं. यातला सगळ्यात मोठा विनोद म्हणजे हर्मायनीची एल्फ-कल्याण संघटना. बिल्ले छापले, दोन सिकल वर्गणी ठेवली, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या स्वयंपाकघरातल्या शंभरावर एल्फना विचारलं कुणी? कुणीच नाही. लेखिकाही तिला हसते, तिचे मित्रही हसतात. इथं मात्र दोन्ही बाजूंनी सावध वाचावं लागतं. हर्मायनीच्या पद्धतीला हसा, जरूर हसा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि लिहिलेलं भाषण वाचल्यावर अधिवेशनच रद्द केलं. उद्धार करणाऱ्यांना उद्धार आपल्या मापाचा लागतो. पण लेखिका पुढं जे सांगते की एल्फना गुलामीच आवडते, त्यावर हसायचं नाही. ही मालकाच्या ओसरीवरची कथा आहे. 'आमचा गडी सुखी होता' हे गड्याच्या तोंडून कधी ऐकलंय? सुखी असते तर १९२७ साली महाडच्या तळ्यावर माणसं कशाला गेली? १९३० साली काळारामाच्या दारात कशाला उभी राहिली? तरीही या पुस्तकात एक प्रसंग सोन्याचा आहे. मुक्त झालेला डॉबी शाळेत पगार मागतो. मुख्याध्यापक आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात, आणि डॉबीच घासाघीस करून एका गॅलियनवर आणि महिन्याला एका सुट्टीवर येतो. पायातली बेडी सुटली तरी मनातली किती वर्षं राहते, हे त्या नऊ गॅलियननी मोजा.

पाचवं, २००३चं. सगळ्यात जाडं, आणि पुष्कळांच्या मते सगळ्यात कंटाळवाणं. हॅरी सारखा ओरडतो, चिडतो, म्हणे. चिडेल नाहीतर काय करेल? संकट आलंय हे तो सांगतोय, सरकार म्हणतंय पोरगं खोटारडं आहे, आणि 'डेली प्रॉफेट' रोज सरकारचं म्हणणं छापतंय. शाळेत सरकारनं बाई पाठवलीय, अंब्रिज. गुलाबी स्वेटर, गोड आवाज, भिंतीवर मांजरांच्या बश्या. शिक्षा काय, तर पोरानं स्वतःच्या रक्तानं लिहायचं की मी खोटं बोलणार नाही. हुकूम निघतो की तीन किंवा जास्त विद्यार्थ्यांचा कुठलाही गट परवानगीशिवाय बेकायदा. ही कल्पना वाटते? २०१५च्या मे महिन्यात मद्रासच्या आयआयटीनं आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढून घेतली होती. देशभर ओरड झाली तेव्हा जूनमध्ये परत दिली.

आणि मग पोरं काय करतात? देव येत नाही, मुख्याध्यापक येत नाही. पोरं स्वतःचा वर्ग सुरू करतात. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. जागा नसते, तर जागेचा पत्ता कोण देतो? डॉबी. शाळेतली लपलेली खोली मास्तरांना ठाऊक नाही, झाडू मारणाऱ्याला ठाऊक आहे! वर्तमानपत्र छापत नाही तेव्हा हॅरीची मुलाखत छापतं 'क्विब्लर', एका चक्रम बापानं चालवलेलं, कुणी न बघितलेल्या प्राण्यांच्या बातम्या देणारं, सगळ्यांनी टिंगल केलेलं मासिक. बाई त्याच्यावर बंदी घालते, सापडलं तर शाळेतून हकालपट्टी. आणि बंदीमुळेच शाळेतलं प्रत्येक पोरगं ते वाचतं. तुम्ही आत्ता जे हातात धरलंय त्याचे पूर्वज साठच्या दशकात सायक्लोस्टाईल मशीनवर निघत होते, त्यांचीही टिंगलच झाली होती. आपल्या धंद्याची इतकी सरळ बाजू घेणारी दुसरी लोकप्रिय कादंबरी मला माहीत नाही.

याच पुस्तकात मंत्रालयाच्या चौकातलं कारंजं आहे. सोन्याचे जादूगार आणि जादूगारीण, आणि त्यांच्याकडे भक्तिभावानं बघणारे सेंटॉर, गॉब्लिन, एल्फ. शेवटच्या मारामारीत ते फुटतं, आणि म्हातारा डंबलडोर कबूल करतो की ते कारंजं खोटं बोलत होतं. समरसतेची अशी कारंजी आपल्याकडेही चौकाचौकांत आहेत.

सहावं, २००५चं. रहस्य चांगलं आहे, पण माझ्यासाठी त्यातलं एकच घर महत्त्वाचं : गॉन्टचं. झोपडी, दाराला खिळ्यानं ठोकलेला साप, खायला धड नाही, पोरीला मारहाण, आणि तोंडात सतत आमचं घराणं, आमचं रक्त. जवळ बाकी काही उरलं नाही की माणूस जात अंथरतो आणि जात पांघरतो. असली घरं आमच्या तालुक्यात दाखवू शकते. त्या घराचा नातू पुढं शुद्ध रक्ताचा सेनापती होतो, आणि त्याचा स्वतःचा बाप साधा मगल. रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांच्या वंशावळीत थोडं खणलं की असंच निघतं.

सातवं, २००७चं. ताकद सगळ्यात जास्त याच्यात, आणि दगा पण याच्यातच. सत्ता बदलते आणि चिखलरक्ताच्यांची नोंदणी सुरू होते. खुर्चीवर बसून बाई विचारते : ही कांडी कुणाकडून चोरलीस? तुझ्या आईबापांना जादू येत नव्हती, मग तुझ्याकडे आली कुठून? दोस्तहो, हा प्रश्न आपल्याला पाठ आहे. तुला मार्क किती होते, कुणाची जागा खाल्लीस? रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉक्टर पायल तडवी २०१९ साली गेली. कांडी कुणाकडून चोरलीस हा प्रश्न वसतिगृहाच्या खोलीपर्यंत येतो. ग्रिपहूक नावाचा गॉब्लिन याच पुस्तकात तोंडावर सांगतो की तुम्ही जादूगारांनी कांडीची विद्या आम्हाला कधी दिली नाही. विद्येविना काय काय गेलं ते जोतिबांनी सांगून ठेवलंय, गॉब्लिननं फक्त आठवण दिली. आणि डॉबी मरतो तेव्हा हॅरी जादू न वापरता, हातात फावडं घेऊन खड्डा खणतो. मालक जातीचा माणूस गुलामासाठी घाम गाळतोय हे त्या ग्रिपहूकच्या नजरेतून सुटत नाही. सात पुस्तकांत हॅरी मला मोठा वाटला तो त्या खड्ड्यात.

मग दगा कुठं? शेवटी. लढाईत स्वयंपाकघरातले एल्फ सुऱ्या-कोयते घेऊन बाहेर पडतात, क्रीचर सगळ्यांच्या पुढं. लढाई जिंकली जाते. आणि त्यानंतर दमलेल्या नायकाच्या मनात येतं की क्रीचर आता आपल्याला एखादं सँडविच आणून देईल का. झालं! एकोणीस वर्षांनंतरचं प्रकरण येतं, तीच गाडी, तेच फलाट, तीच वसतिगृहं, पोरांना स्लिदरिनमध्ये जायची तीच धास्ती. एल्फना पगार सुरू झाला का? गॉब्लिनला कांडी मिळाली का? एक ओळ नाही. लढायला तळाचे, राज्यावर वरचे, आणि भूक लागली की पुन्हा तळाला हाक. १९४७चा हिशेब आपण काय वेगळा मांडतो?

लेखकाला यापेक्षा जास्त करता येतं. अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विननं १९६८ साली 'अर्थसी'ची मालिका सुरू केली आणि नायकाला तांबूस-तपकिरी कातडी दिली, जिवलग मित्राला काळी. मालिका १९७२ साली तिसऱ्या पुस्तकाशी थांबली होती. अठरा वर्षांनी, १९९० साली, ती स्वतःच्याच जगात परत गेली आणि विचारलं की या जादूगारांच्या राज्यात बायांच्या वाट्याला काय आलं? 'तेहानू' नावाचं ते चौथं पुस्तक एका विधवेचं आणि जाळून टाकलेल्या एका पोरीचं आहे. आपण रचलेल्या सोन्याच्या कारंज्यावर आपणच हातोडा चालवायचा, ही लेखकाची खरी हिंमत. रोलिंगबाईंनी कारंजं पाचव्यात फोडलं आणि सातव्यात तसंच सोडून दिलं.

म्हणून माझी यादी अशी. पहिला नंबर पाचव्याला, कारण त्यात पोरं संघटना बांधतात. दुसरा दुसऱ्याला, डॉबी आणि हॅग्रिडसाठी. तिसरा सातव्याला, शेवटचं प्रकरण वगळून. चौथं वाचताना शेजारी 'जातिव्यवस्थेचं निर्मूलन' उघडं असू द्या. बाकीची तीन ज्यांना गोष्टीची मजा घ्यायची त्यांनी घ्यावी. मजा घेणं हाही आपला हक्क आहे, त्याच्यासाठी कुणाचा दाखला लागत नाही.

आणि खालच्या कप्प्याबद्दल. तो रिकामा होणार असेल तर माझा विरोध लिहून घ्या. परदेशी माल म्हणता, तर बाबासाहेब न्यूयॉर्कहून आणि लंडनहून पेट्या भरभरून काय आणत होते? माझी सूचना अशी की दर रविवारी संध्याकाळी अभ्यासिकेत पाचवं पुस्तक मोठ्यानं वाचायला घ्यायचं, एका वेळी एक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणानंतर पोरांना विचारायचं की यात झाडू कोण मारतंय, स्वयंपाक कोण करतंय, त्यांचं म्हणणं पुस्तकात आलंय का. नसेल आलं तर ते पोरांनी लिहायचं. क्रीचरनं सँडविच आणायला नकार दिला त्या दिवसाचं प्रकरण अजून कुणी लिहिलेलं नाही. आमच्याकडची नववीतली एक पोरगी म्हणते, 'ताई, मी लिवते.' तिला वह्या लागतील. ज्यांना कप्पा रिकामा करायचाय त्यांनी त्या आणून द्याव्यात.